ओळ सतरा

मी शेवटापासून सुरुवात केली.
एक सप्टेंबर, सकाळी नऊ, घंटा.
एकतीस मुलं, नवे जोडे, नदीपलीकडची नवी शाळा.
तिथून मागे मागे येत गेले,
बर्फात पडलेली किल्ली शोधत
आपल्याच पावलांवरून परतावं तशी.

घंटेआधी तपासणी. तपासणीआधी रंग.
रंगाआधी भिंती कोरड्या, त्याआधी बॉयलर,
बॉयलरआधी तो आणणारा बार्ज,
आणि बार्जआधी लेना नदीनं
आपला बर्फ फोडून वाट द्यायला हवी.
तिला कुठल्या रकान्यात घालू?
तिनं आजवर कुणाला तारीख दिलेली नाही.

पडद्यावर निळ्या पट्ट्या.
एकीच्या शेपटीतून बाण निघतो,
दुसरीच्या कपाळाला लागतो.
हे संपेल तेव्हा ते सुरू.
आधण आल्याशिवाय वैरायचं नाही, एवढंच.

मध्येच प्रोग्राम लाल झाला: गोल फिरतंय.
वीजजोडणीला हवा तपासणीचा दाखला,
दाखल्याला हवी वीज.
लग्न होत नाही म्हणून वेड जात नाही,
वेड जात नाही म्हणून लग्न होत नाही.
तीन दिवसांचा भाड्याचा जनरेटर मध्ये घुसवला,
गाठ सुटली.

रंगाला अकरा दिवसांची सवड निघाली.
कुंपणाला चाळीस.
खांबांना शून्य.
अख्खी शाळा चौऱ्याण्णव खांबांवर उभी राहणार,
मातीपासून कमरेइतकी वर,
कारण इथली जमीन गोठलेली आहे म्हणूनच जमीन आहे.
घराची ऊब लागली की तिचा चिखल होतो.

ओळ सोळा: भोकं पाडणे, खांब सोडणे, भोवती वाळूचा गारा ओतणे.
बावीस दिवस.
ओळ सतरा: पंचेचाळीस दिवस.

मुख्य कचेरीतून रोदिऑन अर्कादियेविचचा फोन.
"सतरावर माणसं किती?"
एकही नाही.
"यंत्रं?" नाहीत. "खर्च?" शून्य.
"मग दीड महिना तिथे करतंय कोण, काय?"
गोठतंय, म्हटलं. गारा गोठतो आणि खांबाला धरतो.
"ते होईल की मागच्या मागे. काढून टाका, क्युन्नेय."

काढली.
सगळ्या पट्ट्या डावीकडे सरकल्या,
रांगेतलं कुणी कंटाळून घरी गेलं की
मागची माणसं सरकतात तशा.
घंटा वाजली दहा ऑगस्टला, रिकाम्या वर्गांत,
मुलं अजून कुरणात, गवत कापायला गेलेली.

आमच्या गावच्या दवाखान्याचं दार आठवलं.
बांधून तिसऱ्या वर्षी ते मिटेनासं झालं.
हिवाळाभर आई त्याला आतून दोरी बांधायची,
आणि पेशंट आला की सोडायची.
तिथेही कुणीतरी अशीच एखादी ओळ काढली असेल.

रात्री ती परत घातली.
नाव दिलं: गुणवत्ता नियंत्रण.
माणसाच्या रकान्यात: उयबान स्लेप्त्सोव, रोज अर्धा तास.
कचेरी खूश. आता तिथे कुणीतरी होतं.

उयबान रोज सकाळी सुतळीला बांधलेला थर्मामीटर
नळीतून खाली सोडायचा आणि मला फोन करायचा.
उणे शून्य पॉइंट दोन.
उणे शून्य पॉइंट चार.
एकतिसाव्या दिवशी म्हणाला, "आज कालचाच आकडा."
बत्तिसाव्या दिवशीही कालचाच.
मी टक्के भरले नाहीत.
जागेवर क्रेनवाला पत्ते पिसत बसला,
त्याचा तासाचा दर माझ्या डोळ्यांसमोर चढत गेला.

चार दिवस जास्त लागले.
ते मी छपरातून काढले, दुसरी पाळी लावून,
आणि त्या पाळीसाठी सुतारांच्या बायकांच्या शिव्या खाल्ल्या.

एकोणपन्नासाव्या दिवशी उयबाननं आकडा सांगितला नाही.
"ऐक," म्हणाला, आणि खांबावर हातोडा मारला.
घंटेसारखा मुळीच नव्हता तो आवाज.
बंद, आखूड,
आतून कुणी कडी लावावी तसा.

मी सतरासमोर शंभर लिहिलं.
अठरावी ओळ इतके दिवस
कपाळ पुढे करून उभी होती.